स्टायरीनवर बोरॉन बसवताना: व्हिनाइलफिनाइलबोरॉनिक आम्ल, त्याचा एस्टर आणि पॉलिमर

बाटलीवर ४-व्हिनाइलफिनाइलबोरॉनिक आम्ल असे लिहिलेले असते, पण आत नुसते तेवढेच नसते. काही भाग आम्ल असतो, काही भाग बोरॉक्सिन. तीन रेणूंनी तीन पाणी सोडून केलेले ते कडे. आम्लाचा रेणुभार १४७.९७, बोरॉक्सिनमधल्या एका घटकाचा १२९.९५. म्हणजे बाटली पूर्ण सुकलेली असेल आणि तुम्ही आम्ल समजून १ ग्रॅम तोललात, तर हिशेबापेक्षा जवळजवळ १४ टक्के जास्त बोरॉन पडले. मग राफ्टमध्ये (साखळीची लांबी ठरवून करायच्या पॉलिमरीकरणात) साखळीची लांबी चुकते, जेलमध्ये बांधणीचे प्रमाण चुकते, आणि दोष मात्र इनिशिएटरला, म्हणजे साखळी सुरू करणाऱ्या पदार्थाला, दिला जातो.

या रसायनातल्या बहुतेक अडचणींचे मूळ एकच आहे. बोरॉनची एक कक्षा रिकामी असते. तिच्यात पाणी शिरते, डायॉल (दोन हायड्रॉक्सिल असलेला रेणू) शिरतो, पेरॉक्साइड शिरतो. उपयोगही त्याच रिकाम्या कक्षेचा, त्रासही तिचाच. म्हणून प्रत्येक टप्प्यावर आधी एक गोष्ट ठरवावी: आत्ता बोरॉन झाकलेले हवे की उघडे? विकत आणलेल्या बाटलीने सुरुवात करणार असाल तर पुढचा ग्रिग्नार्डचा (मॅग्नेशियमच्या कार्बनी संयुगाचा) भाग वगळा, मोजणीचा भाग मात्र वगळू नका.

एक घोटाळा इथेच मिटवू. बोरॉन बेंझिनच्या कड्यावर असलेले ४-व्हिनाइलफिनाइलबोरॉनिक आम्ल वेगळे आणि बोरॉन दुहेरी बंधाच्या टोकावर असलेले बीटा-स्टायरिलबोरॉनिक आम्ल वेगळे. दुसरे फिनाइलअ‍ॅसिटिलीनच्या हायड्रोबोरेशनने सहज मिळते, पण मुक्तमूलकाने त्याची लांब साखळी होत नाही. पॉलिमरसाठी पहिलेच हवे. खाली त्याला थोडक्यात व्हीपीबीए म्हटले आहे.

मोनोमर: ग्रिग्नार्डचा रस्ता

१०० मिलिमोलच्या मापाने लागणारे सामान: ४-ब्रोमोस्टायरीन १८.३ ग्रॅम (सुमारे १३ मिली), मॅग्नेशियमच्या चकत्या २.९ ग्रॅम (१२० मिलिमोल), ट्रायमिथाइल बोरेट १५.६ ग्रॅम (१५० मिलिमोल, सुमारे १७ मिली), कोरडे टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान हा विद्रावक) १५० मिली, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, बीएचटी आणि कोरडा बर्फ. ४-क्लोरोस्टायरीनही चालते (१३.९ ग्रॅम), पण ते मॅग्नेशियमवर उशिरा पेटते आणि जास्त तापवावे लागते. स्टायरीनला तापवणे परवडत नाही, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने ब्रोमो घ्यावे.

ब्रोमोस्टायरीनमध्ये बहुधा टर्ट-ब्यूटाइलकॅटेकॉल हा इन्हिबिटर (आपोआप पॉलिमर होणे रोखणारा पदार्थ) टाकलेला असतो. ग्रिग्नार्डला त्या चिमूटभर कॅटेकॉलचे काही वाटत नाही, पण बोरॉनला वाटते. कॅटेकॉल हा बोरॉनिक आम्लाला घट्ट धरणारा डायॉल आहे. तो उत्पादनाबरोबर खेचला जातो आणि हवेत तपकिरी होऊन सगळे पीठ मळकट करतो. बेसिक अ‍ॅल्युमिनाच्या ५ सेंमी थरातून ब्रोमोस्टायरीन गाळून घ्या आणि लगेच वापरा. यापुढे इन्हिबिटर म्हणून फक्त बीएचटी. त्यात शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल नसल्यामुळे ते बोरॉनच्या वाटेला जात नाही.

२५० मिलीच्या तीन तोंडी फ्लास्कमध्ये मॅग्नेशियम घाला, निर्वातात हीट गनने तापवा आणि नायट्रोजनखाली थंड होऊ द्या. २० मिली टीएचएफ आणि आयोडीनचा एक खडा टाका. ब्रोमोस्टायरीन ७० मिली टीएचएफमध्ये विरघळवून ड्रॉपिंग फनेलमध्ये भरा, ५ मिली सोडा आणि थांबा. आयोडीनचा रंग उडतो, मग द्रावण किंचित गढूळ होते, चकतीच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतात आणि काचेला हात लावल्यावर ऊब जाणवते. या सगळ्या गोष्टी दिसेपर्यंत पुढचा थेंब सोडू नका. न पेटलेल्या फ्लास्कमध्ये अर्धे फनेल रिकामे करणे हा या प्रक्रियेतला सगळ्यात धोकादायक प्रकार आहे, कारण मग सगळे एकदम पेटते. पंधरा मिनिटांत काही झाले नाही तर ०.१ मिली १,२-डायब्रोमोइथेन घाला. तरीही नाही तर टीएचएफ ओले आहे. नव्याने सुरुवात करा.

पेटल्यावर उरलेले द्रावण तासाभरात सोडा, आतले तापमान ३० ते ४० अंश से. राखा आणि त्यानंतर आणखी एक तास ढवळा. रिफ्लक्सला नेऊ नका. वर गेल्यावर दोन नुकसाने होतात. व्हिनाइल गट पॉलिमर व्हायला लागतो, आणि न संपलेले ब्रोमोस्टायरीन ग्रिग्नार्डशी जुळून ४,४'-डायव्हिनाइलबायफिनाइल बनते. हे दुसरे जास्त महागात पडते. हा रेणू दोन टोकांना व्हिनाइल असलेला क्रॉसलिंकर आहे. त्याचा अर्धा टक्का जरी मोनोमरमध्ये उरला तरी पुढे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना शिवल्या जातात, आणि महिनाभराने कोणीतरी विचारते की जीपीसीमध्ये (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणाऱ्या मोजणीत) जड बाजूला खांदा का येतो. शक्य असेल तर बोरेटकडे जाण्याआधी १ मिली ग्रिग्नार्ड काढून आयोडीनने टायट्रेट करा (आयोडीन ०.५ मोलर लिथियम क्लोराइडच्या टीएचएफ द्रावणात घ्यावे). ०.८ मोलरच्या वर आले तर पुढे जा.

बोरेटशी गाठ

इथे क्रम महत्त्वाचा: ग्रिग्नार्ड बोरेटमध्ये ओतायचे, बोरेट ग्रिग्नार्डमध्ये नाही. उलटे केले तर सुरुवातीला फ्लास्कमध्ये ग्रिग्नार्डचा सुकाळ आणि बोरॉनचा दुष्काळ असतो. मग एकाच बोरॉनवर दोन अ‍ॅरिल गट बसतात आणि बोरिनिक आम्ल मिळते. त्यालाही दोन व्हिनाइल, म्हणजे तोही क्रॉसलिंकरच.

दुसऱ्या, ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये ६० मिली टीएचएफ आणि ट्रायमिथाइल बोरेट घेऊन ते कोरडा बर्फ आणि अ‍ॅसिटोनच्या भांड्यात उणे ७० अंशांपर्यंत न्या. बाटलीच्या तोंडाशी पांढरी पूड जमलेली दिसली तर ते ओलाव्याने सुटलेले बोरिक आम्ल आहे, आणि आत मिथेनॉलही सुटले आहे. मिथेनॉल आणि ट्रायमिथाइल बोरेट एकत्र उकळणारे मिश्रण बनवतात, त्यामुळे साध्या ऊर्ध्वपातनाने ते वेगळे होत नाहीत. अशी बाटली बाजूला ठेवा आणि ट्रायआयसोप्रोपाइल बोरेट घ्या: १५० मिलिमोलला २८.२ ग्रॅम. त्याचे गट अवजड असल्यामुळे दुसरा अ‍ॅरिल सहसा बसत नाही आणि तापमानाच्या बाबतीत थोडी ढिलाई खपते. किंमत आड येत नसेल तर पहिल्या प्रयत्नाला हेच घ्यावे.

उरलेले मॅग्नेशियम मागे राहील अशा बेताने ग्रिग्नार्ड नळीने खेचून ४५ ते ६० मिनिटांत थेंबथेंब सोडा. आत तापमापक हवाच आणि तो उणे ६० च्या वर जाता कामा नये. अर्ध्या वाटेवर मिश्रण दह्यासारखे घट्ट पांढरे होते आणि छोटी चुंबकीय ढवळणी अडकते. ढवळणी अडकली की वरच्या थरात ग्रिग्नार्ड साचते आणि पुन्हा तोच बोरिनिक आम्लाचा प्रश्न येतो. ५० मिलिमोलच्या वरच्या कामाला यांत्रिक ढवळणीच लावा. सगळे पडल्यावर तासभर थंडीतच ठेवा, मग भांडे काढून दोन तासांत खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

मागे उरलेल्या मॅग्नेशियमवर एकदम पाणी ओतू नका. टीएचएफखालीच ठेवून त्यात आयसोप्रोपेनॉल थोडे थोडे सोडा, शांत झाले की मग पाणी.

आम्ल पाडणे आणि साफ करणे

बर्फाच्या भांड्यात ठेवून १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडा. साधारण १०० ते १२० मिलीत पीएच २-३ ला येतो आणि पांढरे क्षार विरघळून दोन स्वच्छ थर दिसतात. अर्धा तास ढवळा. जास्त आम्ल घालून गरम करण्याचा मोह टाळा. तीव्र आम्लात तापवले की कार्बन-बोरॉन बंध तुटून साधे स्टायरीन परत मिळते.

वरचा थर वेगळा करा, पाण्याचा थर ८० मिली ईथरने दोनदा काढा. एकत्र केलेल्या ईथरला पाण्याने दोनदा धुवा, म्हणजे जादा बोरेटपासून झालेले बोरिक आम्ल निघून जाईल. ५० मिलिग्रॅम बीएचटी टाकून ३५ अंशांखाली विद्रावक उडवा, पण पूर्ण कोरडे करू नका.

आता खरी सफाई. ओलसर घन १५० मिली थंड १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा. बोरॉनवर हायड्रॉक्साइड बसून बोरोनेट क्षार होतो आणि तो पाण्यात राहतो. डायव्हिनाइलबायफिनाइल, उरलेले ब्रोमोस्टायरीन आणि बीएचटीचा बराच भाग विरघळत नाही. ५० मिली हेक्सेनने दोनदा धुवा आणि हेक्सेन टाकून द्या. पाण्याचा थर बर्फात ठेवून २ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने हळूहळू पीएच ३-४ वर आणा. पांढरे स्फटिक पडतात. गाळा आणि बर्फगार पाण्याने धुवा. स्फटिकात इन्हिबिटर जवळजवळ उरलेला नसतो हे लक्षात ठेवा, म्हणून धुताना वापरलेले भांडे उन्हात ठेवून चहाला जाऊ नका. अल्कलीतले द्रावणही रात्रभर हवेत सोडू नका, कारण बोरोनेट रूपाला ऑक्सिजन आणि पेरॉक्साइड लवकर लागतात आणि ४-व्हिनाइलफिनॉल होते.

सैद्धांतिक उत्पादन १४.८ ग्रॅम. ९ ते ११ ग्रॅम हातात आले तर काम नीट झाले. फिल्टरवरच हवा खेचून सुकवा. गरम व्हॅक्युम ओव्हनमध्ये ठेवले की बोरॉक्सिन होते आणि सुरुवातीचा घोटाळा आपणच ओढवून घेतो. बाटली फ्रिजमध्ये, अंधारात ठेवावी.

ग्रिग्नार्ड नको असेल तर बिस-पिनॅकोलॅटोडायबोरॉन आणि पॅलेडियम घेऊन मियाउरा बोरिलेशन करता येते आणि थेट पिनॅकॉल एस्टर मिळतो. कागदावर हा रस्ता देखणा आहे. अडचण अशी की फ्लास्कमध्ये अ‍ॅरिल ब्रोमाइड, व्हिनाइल गट आणि पॅलेडियम तिघेही एकत्र असतात, आणि त्या तिघांना हेक अभिक्रिया (अ‍ॅरिल गट व्हिनाइलला जोडणारी) तोंडपाठ आहे. तापमान ८० अंशांच्या वर नेलेत तर स्टिल्बीनसारखे पदार्थ वाढतात. छोट्या मापाला ठीक, २० ग्रॅमच्या वर ग्रिग्नार्डच बरे.

हातात नेमके काय आहे ते मोजणे

पातळ थराच्या सिलिका पट्टीवर बोरॉनिक आम्ल ठिपका न देता शेपटी सोडते, त्यामुळे पट्टी बघून शुद्धता ठरवू नका. ठिपक्यात आधी पिनॅकॉलचा थेंब मिसळला तर एस्टर होऊन नीट गोल ठिपका मिळतो.

एनएमआर डायमिथाइल सल्फॉक्साइड-डी६ मध्ये घ्या. ८.०३ पीपीएमच्या आसपास बी-ओएचचा सिंगलेट, ७.७८ आणि ७.४४ ला कड्याचे दोन डबलेट, ६.७ ला व्हिनाइलचा डबलेट ऑफ डबलेट, ५.९ आणि ५.३ ला टोकाचे दोन प्रोटॉन. ड्यूटेरियम पाण्याचा थेंब टाकला की ८.०३ गायब होतो. क्लोरोफॉर्ममध्ये घेतला तर ८.२ ला जो डबलेट दिसतो तो बोरॉक्सिनच्या ऑर्थो प्रोटॉनचा. त्याला अशुद्धी समजून पुन्हा स्फटिकीकरण करणारे बरेच असतात. बोरॉन-११ च्या स्पेक्ट्रममध्ये आम्लाचा रुंद पट्टा २८ ते ३० पीपीएमला येतो. १९-२० ला टोकदार शिखर दिसले तर बोरिक आम्ल उरले आहे आणि पुन्हा धुवायला हवे.

प्रत्यक्ष उपयोगी बोरॉन किती, हे टायट्रेशनने सर्वात स्वस्तात कळते. १४८ मिलिग्रॅम नमुना ५० मिली पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणात विरघळवा, २ ग्रॅम मॅनिटॉल घाला आणि फिनॉल्फ्थॅलिन टाकून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. एरवी फिनाइलबोरॉनिक आम्लाचा पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा; कमी असेल तितके आम्ल जोरकस) ८.८ च्या आसपास असल्यामुळे शेवट धूसर दिसतो. मॅनिटॉल बोरॉनला धरून ते आम्ल जोरकस करतो आणि रंग एकदम पलटतो. शुद्ध आम्लाला १०.० मिली लागते. ११.४ मिली लागले तर समोर सगळेच बोरॉक्सिन आहे. जो आकडा येईल त्यावरून प्रति ग्रॅम मिलिमोल काढा, बाटलीवर चिकटवा आणि पुढे तोच वापरा. बोरिक आम्लही इथे मोजले जाते, म्हणून बोरॉन-११ आधी बघायचा.

पिनॅकॉलने झाकणे

नियंत्रित पॉलिमर हवा असेल तर बोरॉन झाकलेले बरे. व्हीपीबीए १०.० ग्रॅम (६७.६ मिलिमोल, टायट्रेशनने दुरुस्त केलेले), पिनॅकॉल ८.२ ग्रॅम, डायक्लोरोमिथेन १०० मिली, निर्जल मॅग्नेशियम सल्फेट १५ ग्रॅम, बीएचटी १० मिलिग्रॅम. खोलीच्या तापमानाला रात्रभर ढवळा. सुरुवातीला आम्ल न विरघळता तरंगते. सकाळी द्रव स्वच्छ झालेला असेल तर अभिक्रिया झाली. गाळा, जादा पिनॅकॉल काढायला पाण्याने तीनदा धुवा, सुकवा, ३५ अंशांखाली उडवा. सैद्धांतिक १५.५ ग्रॅम.

गरज पडली तर सिलिकाच्या आखूड थरातून हेक्सेनमध्ये ५ टक्के इथाइल अ‍ॅसिटेटने पटकन काढा. सिलिकावर रेंगाळले की एस्टर सुटतो आणि तेवढा माल स्तंभावरच राहतो. क्लोरोफॉर्ममधल्या एनएमआरमध्ये १.३५ पीपीएमला बारा प्रोटॉनचा सिंगलेट दिसला पाहिजे. साठवण उणे २० अंशांवर.

पॉलिमर

राफ्टसाठी एक भरवशाचे प्रमाण, १०० घटकांच्या साखळीच्या लक्ष्याने: पिनॅकॉल एस्टर ४.६० ग्रॅम (२० मिलिमोल, बीएचटी अ‍ॅल्युमिनाच्या छोट्या थरातून काढून), डीडीएमएटी हा साखळीची लांबी ताब्यात ठेवणारा ट्रायथायोकार्बोनेट ७३ मिलिग्रॅम (०.२ मिलिमोल), एआयबीएन हा इनिशिएटर ६.६ मिलिग्रॅम (०.०४ मिलिमोल), अ‍ॅनिसोल ४.६ ग्रॅम. श्लेंक नळीत गोठवा, पंपावर ओढा, वितळवा, हे तीनदा. मग ७० अंशांच्या तेलाच्या भांड्यात.

बेंझॉइल पेरॉक्साइड इनिशिएटर म्हणून वापरू नका, ते कार्बन-बोरॉन बंधालाच ऑक्सिजन देते. जुन्या टीएचएफ किंवा डायऑक्सेनमधले पेरॉक्साइडही हेच करते. पट्टीने तपासल्याशिवाय बाटली उघडू नये.

स्टायरीनची जात संथ असते. ७० अंशांना एआयबीएनचे अर्धे आयुष्य सुमारे पाच तास, म्हणून २४ तासांत ४० ते ६० टक्के रूपांतर होते आणि नंतर गाडी जवळजवळ थांबते. घाई करून एआयबीएन दुप्पट केले तर मृत साखळ्या वाढतात. ५० टक्क्यांना थांबवा: अंदाजे सरासरी रेणुभार ११,९०० (५० गुणिले २३०, अधिक ट्रायथायोकार्बोनेटचे ३६५). नमुन्याच्या एनएमआरमध्ये व्हिनाइलची शिखरे पिनॅकॉलच्या शिखराशी तुलना करून रूपांतर काढता येते. पिनॅकॉलचे शिखर मोनोमर आणि पॉलिमर दोघांचे एकत्र असते, त्यामुळे तेच आतले मानक.

नळी बर्फात बुडवा, हवा लागू द्या, थोड्या टीएचएफने पातळ करा आणि दहापट थंड मिथेनॉलमध्ये थेंबथेंब पाडा. सगळे ओतण्यापूर्वी परीक्षानळीत तीन थेंब पाडून बघा. चिकट गोळा होत असेल तर द्रावण जास्त दाट आहे. फिकट पिवळी पूड यायला हवी. जीपीसी याच झाकलेल्या रूपात टीएचएफमध्ये करून घ्या. उघडे बोरॉनिक आम्ल स्तंभाला चिकटते, शिखर उशिरा आणि पसरट येते, आणि पॉलिमर आहे त्यापेक्षा हलका दिसतो.

उघड्या आम्लाचेच पॉलिमर करायचे असेल तर डीएमएफ या विद्रावकात ५ टक्के पाणी घाला. पाणी नसले की साखळ्यांमध्ये बोरॉक्सिनची कडी तयार होतात आणि द्रावण जेली बनते. घाबरून फेकू नका. त्यात पाणी किंवा थोडा पिनॅकॉल घालून ढवळा. जेली सुटली तर ती बोरॉक्सिनची होती, नाही सुटली तर मोनोमरमधले डायव्हिनाइल. ही एक चाचणी पूर्ण आठवड्याचा वाद मिटवते.

झाकण काढणे

पिनॅकॉल बसतो सहज, निघतो कुरकुरत. नुसत्या आम्लात उकळून फार थोडा निघतो, कारण तो पुन्हा येऊन बसतो. त्याला दुसरीकडे जागा द्यावी लागते. पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर बांधलेले बोरॉनिक आम्ल ५ समतुल्य घ्या, पॉलिमर एसीटोनायट्राइलमध्ये विरघळत असेल तर त्यात २ टक्के ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्ल घालून रात्रभर हलवा आणि मणी गाळून टाका. पिनॅकॉल मण्यांबरोबर जातो. पेरआयोडेटने पिनॅकॉल तोडून अ‍ॅसिटोन करण्याची पद्धत छोट्या रेणूंना चांगली. राफ्ट पॉलिमरवर ती वापरू नये, शेवटचा गंधकाचा गट ऑक्सिडाइझ होतो.

उघडा पॉलिमर साध्या पाण्यात विरघळत नाही. पीएच १० च्या वर बोरॉनवर ऋणभार आला की विरघळतो. डायलिसिस त्याच पीएचला करा, शेवटी आम्लाने साका पाडा.

साखरेला ओळखणारे जेल

हा सर्वात मागणी असलेला उपयोग, म्हणून याचे प्रमाण पूर्ण देतो. एन,एन-डायमिथाइलअ‍ॅक्रिलअमाइड ०.८९ ग्रॅम (९ मिलिमोल), व्हीपीबीए ०.१४८ ग्रॅम (१ मिलिमोल), मिथिलिन-बिस-अ‍ॅक्रिलअमाइड ३१ मिलिग्रॅम (०.२ मिलिमोल), एआयबीएन १६ मिलिग्रॅम, डीएमएसओ २ मिली, पाणी ०.१ मिली. नायट्रोजन १५ मिनिटे फुंका. दोन काचांमध्ये १ मिमीची सिलिकॉनची पट्टी ठेवून साचा करा, भरा, ६५ अंशांना बारा तास. पाण्यात सोडून दोन दिवस, दर सहा-आठ तासांनी पाणी बदलत धुवा. गोल चकत्या कापा.

बफर निवडताना फसगत होते. ट्रिसमध्ये अमाइनबरोबर हायड्रॉक्सिल आहेत, ते बोरॉनला धरते. ग्लिसरॉल, सॉर्बिटॉल आणि बोरेट तर सरळ स्पर्धक. पीएच ९ ला सीएचईएस, ७.४ ला एचईपीईएस ठीक. पीएच ९ ला ५० मिलिमोलर ग्लुकोजमध्ये चकतीचा व्यास वाढतो, कारण साखर धरलेले बोरॉन ऋणभारित राहते आणि जेल पाणी ओढते. कधी चकती उलट आक्रसते. तेव्हा एकाच ग्लुकोजने दोन बोरॉन धरून जेलला आतून टाके घातलेले असतात. व्हीपीबीएचे प्रमाण कमी केले की हे कमी होते.

पीएच ७.४ ला अपेक्षा माफक ठेवा. साध्या फिनाइलबोरॉनिक आम्लाचा बंधनस्थिरांक त्या पीएचला ग्लुकोजशी सुमारे ४.६ प्रति मोलर, फ्रुक्टोजशी सुमारे १६०. म्हणजे रक्तासारख्या परिस्थितीत ग्लुकोज ओळखायचे तर फ्रुक्टोज आडवा येणार आणि पीकेए खाली आणल्याशिवाय संवेदना अपुरी पडणार. पीकेए खाली आणायला कड्यावर इलेक्ट्रॉन ओढणारा गट हवा, किंवा शेजारी अमाइन. साधे व्हीपीबीए पीएच ८.५ च्या वरच्या कामाला आहे. जेलमधले बोरॉन जागे आहे का हे बघायला अ‍ॅलिझरिन रेड एसच्या पातळ द्रावणात चकती बुडवा. गडद लाल रंग बदलून नारिंगी-पिवळा होतो आणि अतिनील दिव्याखाली चकती चमकते.

बाकीचे उपयोग, भराभर

बोरोनेट अ‍ॅफिनिटी: व्हीपीबीए आणि डायव्हिनाइलबेंझिनचे मणी पीएच ८.५ ला कॅटेकॉल, रायबोन्यूक्लिओसाइड आणि साखर चिकटलेली प्रथिने धरतात, पीएच ४-५ ला सोडतात. ग्लायकेटेड हिमोग्लोबिन मोजण्याची एक पद्धत याच तत्त्वावर चालते. मणी धरत नसतील तर आधी बफरचा पीएच बघा, मग बफर कशाचा आहे ते.

सुझुकी (पॅलेडियमने दोन कार्बन जोडणारी अभिक्रिया): साखळीवरच्या प्रत्येक बोरॉनच्या जागी हवा तो अ‍ॅरिल गट बसवता येतो. पॅलेडियम नंतर काढणे हेच खरे काम असते. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अल्कलीने तोच पॉलिमर पॉलिहायड्रॉक्सिस्टायरीन होतो, म्हणजे जो अपघात इतका वेळ टाळला तोच मुद्दाम करायचा.

लुइस आम्ल (इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारणारा पदार्थ): इथे व्हीपीबीएपासून सुरुवात होत नाही. २००२ मध्ये रसायनज्ञ फ्रीडर येक्ले यांच्या गटाने दाखवलेला रस्ता असा की आधी ४-ट्रायमिथाइलसिलिलस्टायरीनचा नियंत्रित पॉलिमर करायचा आणि बोरॉन ट्रायब्रोमाइडने सिलिकॉनच्या जागी बोरॉन आणायचे. मिळणारा डायब्रोमोबोरिल पॉलिमर पाण्याला भयंकर संवेदनशील. ग्लोव्हबॉक्स नसेल तर हात घालू नका.

पुन्हा साच्यात घालता येणारी जाळी: २०१७ मध्ये लाइब्लर आणि सहकाऱ्यांनी डायऑक्साबोरोलेन कड्यांची अदलाबदल वापरून पॉलिस्टायरीन, पीएमएमए आणि पॉलिइथिलीन जाळीदार करूनही पुन्हा वितळवण्याजोगे केले. तापवल्यावर ही कडी आपापसांत जोडीदार बदलतात, त्यामुळे जाळी तुटत नाही पण वाहते. आपल्या प्रयोगशाळेत करून बघायला स्टायरीनमध्ये ५ ते १० टक्के बोरॉनिक एस्टर मोनोमर आणि दोन बोरॉन असलेला क्रॉसलिंकर लागतो. पिनॅकॉलचा एस्टर त्यासाठी अवजड आहे, १,२-प्रोपेनडायॉलचा घ्या.

न्यूट्रॉन: नैसर्गिक बोरॉनमध्ये सुमारे २० टक्के बोरॉन-१०, त्याचा मंद न्यूट्रॉन पकडण्याचा काटछेद सुमारे ३८४० बार्न. व्हीपीबीएत वजनाने ७.३ टक्के बोरॉन, पिनॅकॉल एस्टरमध्ये ४.७. स्टायरीनमध्ये बोरॉन नुसते मिसळण्यापेक्षा साखळीतच बांधले तर ते वर उमटत नाही आणि प्लास्टिक धूसर होत नाही. मात्र उघडे आम्ल घालू नका, एस्टर घाला. आम्लातले बोरॉक्सिन स्टायरीनमध्ये ओलाव्याने उलटसुलट होत राहते आणि ठोकळ्याला आतून बारीक भेगा पडतात.